तीन मॉनिटरवर गेम खेळायचाय? आधी टेप आणा

मी तीन मॉनिटर लावून खेळायला लागलो त्याला चार वर्षं होत आली. त्यातले पहिले सहा महिने खेळण्यापेक्षा स्क्रू पिळण्यात जास्त गेले. पैसे खर्च झाले, टेबल भरलं, आईने "हे काय टीव्हीचं दुकान मांडलंय?" म्हणून विचारून घेतलं, आणि गाडी सुरू केली तर कडेची झाडं रबर ताणल्यासारखी सपकन मागे जाताना दिसायची. पंधरा मिनिटांत मळमळ. दोष ना मॉनिटरचा होता ना ग्राफिक्स कार्डाचा. मी माझ्या डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर कधी मोजलंच नव्हतं.

म्हणून या लेखात खरेदीपेक्षा मोजमाप जास्त आहे. माझं उदाहरण दहा बाय दहाच्या खोलीतलं, चार फुटी टेबलावरचं. गेम मुख्यतः दोन: 'युरो ट्रक सिम्युलेटर २' आणि 'असेटो कोर्सा'.

लागणारं सामान

- एकाच मॉडेलचे तीन मॉनिटर
- किमान तीन डिजिटल पोर्ट असलेलं ग्राफिक्स कार्ड
- प्रत्येक मॉनिटरला थेट जाणारी केबल (कन्व्हर्टर शक्यतो नको)
- मीटर टेप, दोरी, शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक
- जुना पुठ्ठ्याचा खोका आणि कात्री
- किमान सहा सॉकेटचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड
- कागद-पेन (हे विसरू नका, शेवटी कळेल)

१. तुमचा गेम यात बसतो का ते बघा

ट्रक, रेसिंग, विमान: जिथे तुम्ही एका जागी बसलेले असता आणि आजूबाजूला काच असते, तिथे तीन स्क्रीनची खरी मजा आहे. डावा आरसा डावीकडे, उजवा उजवीकडे, ओव्हरटेक करणारी गाडी आधी कोपऱ्यातून जाणवते आणि मग दिसते. ही कल्पना जुनी आहे. १९९३ च्या 'डूम'च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तीन कॉम्प्युटर नेटवर्कने जोडून डावा-मधला-उजवा असे तीन स्क्रीन लावता येत होते. पुढे ती सोय काढून टाकली. २००२ साली मॅट्रॉक्सचं पार्हेलिया कार्ड एकट्याने तीन मॉनिटर चालवायला लागलं. २००९ मध्ये एएमडी या कार्ड कंपनीने आयफिनिटी आणलं, २०१० मध्ये एनव्हिडियाने सराउंड (दोन्हींचं काम एकच: तीन मॉनिटर जोडून एक लांब स्क्रीन करणं), आणि मग हे आपल्यासारख्यांच्या टेबलापर्यंत आलं.

पण सगळे गेम साथ देत नाहीत. 'व्हॅलोरंट' १६:९ च्या, म्हणजे एका नेहमीच्या रुंद स्क्रीनच्या आकाराच्या पलीकडे जात नाही. 'एल्डन रिंग' मुळात १६:९ लाच बांधलेला आहे, बाजूचे दोन स्क्रीन काळे राहतात. काही गेम रुंदी वाढवताना वरचा-खालचा भाग कापतात, म्हणजे तिप्पट पैसे देऊन आधीपेक्षा कमी दिसतं. तुम्ही दिवसभर असेच गेम खेळत असाल तर इथेच थांबा आणि एक चांगला मॉनिटर घ्या. खात्री करायची असेल तर पीसी गेमिंग विकीवर गेमचं नाव टाका. मल्टि-मॉनिटरचा आधार आहे की नाही हे तिथे स्वतंत्र ओळीत लिहिलेलं असतं.

"दोन मॉनिटर आहेत, त्यावर पसरवू का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. नका. दोन मॉनिटरची जोडरेघ बरोबर नाकासमोर येते, जिथे रस्ता असायला हवा तिथे. दुसऱ्यावर नकाशा किंवा डिस्कॉर्ड ठेवा, सुखी राहाल.

२. पुठ्ठा कापा, टेबलावर उभा करा

२४ इंची मॉनिटरचा दिसणारा भाग ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. कडा धरून अंगाची रुंदी साधारण ५४. २७ इंचीला हेच आकडे ६० आणि ३४, अंगाची रुंदी ६१ च्या आसपास. फ्रिज-मिक्सरच्या खोक्यातून असे तीन तुकडे कापा आणि टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभे करा. हसू येईल, पण माझे दोन मित्र याच टप्प्यावर २७ वरून २४ इंचावर आले.

गंमत अशी की तीन मॉनिटर सरळ रेषेत लावले तर रुंदी जास्त लागते. २४ इंची तिन्ही सपाट ठेवले तर १६२ सेंटिमीटर. बाजूचे दोन ४८ अंशांत आत वळवले की तेच १२६ सेंटिमीटरमध्ये बसतात. चार फुटी टेबल १२२ चं असतं, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर बाहेर, चालून जातं. किंमत मोजावी लागते ती टेबलाच्या पुढच्या-मागच्या जागेत: बाजूच्या मॉनिटरची बाहेरची कड ४० सेंटिमीटर पुढे येते. दोन फुटी खोल टेबलावर मधल्या स्टँडचा पाया मागे पंधरा-वीस सेंटिमीटर खातो, त्यामुळे ती कड जवळपास टेबलाच्या पुढच्या काठाला येऊन टेकते. कोपर कुठे जाणार, कीबोर्ड कुठे राहणार, स्टिअरिंग व्हीलचा क्लॅम्प कुठे बसणार, हे पुठ्ठा उभा असतानाच ठरवा. आणि खोलीचं दार पूर्ण उघडतंय का, तेही.

३. मॉनिटर: तीन, एकाच दिवशी, एकाच दुकानातून

मी आधी दोन घेतले, तिसरा सहा महिन्यांनी. मॉडेल तेच, नंबर तोच, पण मधल्या काळात पॅनेल बदललेलं असावं. नवा निळसर, जुने दोन पिवळसर. आकाशाच्या मधोमध रंगाची पायरी दिसायची. रंगाचे आकडे फिरवून फिरवून मी ती कमी केली, घालवू शकलो नाही. तेव्हापासून माझं सांगणं एकच: पैसे साठवा, थांबा, पण तिन्ही एकदम घ्या. दुकानातच पाठीमागचं उत्पादनाच्या महिन्याचं स्टिकर बघा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली असेल तर तिन्ही एकत्र लावून दाखवायला सांगा. तीन घेणाऱ्या गिऱ्हाईकाला सहसा नाही म्हणत नाहीत. बिलावर तिन्हींचे सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतात.

निवडताना चार गोष्टी बघा. कडा बारीक हव्यात. पॅनेल आयपीएस बरं, कारण मान हलली तरी रंग बदलत नाहीत. पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं हवीत, म्हणजे पुढे आर्मवर (टेबलाच्या काठाला क्लॅम्पने बसणाऱ्या दांड्यावर) चढवता येतो. स्वस्तातल्या काही मॉडेलना ती नसतात. आणि उंची कमी-जास्त होत नसेल तर निदान तिन्ही स्टँड एका उंचीचे तरी हवेत, नाहीतर बारावीची गाइडं खाली घालावी लागतात. (माझ्या एका मॉनिटरखाली अजून आहेत.)

तिघांऐवजी एकच ४९ इंची, ३२:९ चा वक्र मॉनिटर घ्यावा का? जोडरेघ नसते, केबल एक, डोकेदुखी कमी. पण तो तुमच्या भोवती तितका वळत नाही, आणि बिघडला की सगळंच बंद. माझं मत तिघांच्या बाजूने आहे, कारण ऑफिसच्या कामालाही तीन वेगळे स्क्रीन मिळतात आणि उजवा मॉनिटर रविवारी बाबांना मॅच बघायला देता येतो.

४. कार्डाची पाठ बघा, मग ताकद

आधी पोर्ट मोजा. आजच्या बऱ्याच मध्यम कार्डांना तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं. काही छोट्या कार्डांना दोनच पोर्ट असतात. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे: तिसरी केबल कार्डाला जागा नाही म्हणून मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावतात. विंडोजमध्ये तिन्ही स्क्रीन व्यवस्थित दिसतात, आणि मग सराउंड किंवा आयफिनिटी मात्र काही केल्या तिसरा घेत नाही. घेणारच नाही, तो दुसऱ्याच चिपवर चालतोय. तिन्ही केबल कार्डालाच.

आता ताकद. १९२० बाय १०८० चा एक स्क्रीन म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल. तीन मिळून ५७६० बाय १०८०, म्हणजे ६२ लाख. फोर-के म्हणजे ८३ लाख. तर तीन फुल एचडी हे फोर-केच्या पाऊण भाग ओझं; जे कार्ड तुमचा गेम फोर-केवर बऱ्यापैकी चालवतं, ते इथे आरामात चालवेल. पण १४४० चे तीन घेतलेत तर ७६८० बाय १४४०, म्हणजे १ कोटी १० लाख, फोर-केपेक्षाही एक तृतीयांश जास्त. दुकानदार "सर, १४४० घ्या, फ्यूचर प्रूफ" म्हणेल तेव्हा हा आकडा आठवा. पहिल्यांदा करणाऱ्याने १०८० चेच तीन घ्यावेत, असं मला वाटतं. २४ इंचावर ते पुरेसं रेखीव दिसतं.

केबलबद्दल एवढंच: एक एचडीएमआय आणि दोन डिस्प्लेपोर्ट असं मिश्रण चालतं, पण तिघांचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) सारखा यायला हवा. मी घरात पडलेला जुना कन्व्हर्टर वापरला होता. दोन स्क्रीन १०० हर्ट्झवर, तिसरा ६० च्या वर जाईना. एका रात्रीचा शोध, दोषी तो कन्व्हर्टर.

५. मांडणी: दोरी, टेप, कोनमापक

हा टप्पा घाईत उरकू नका.

खुर्चीत नेहमी बसता तसे बसा. ताठ नाही, जसे अकराव्या मिनिटाला बसलेले असता तसे. कुणालातरी डोळ्याच्या कडेपासून मधल्या स्क्रीनच्या मध्यापर्यंत टेप धरायला सांगा. माझं अंतर ६० सेंटिमीटर आलं. तेवढ्या लांबीची दोरी घ्या, एक टोक डोळ्याजवळ, दुसरं टोक डाव्या स्क्रीनच्या मध्यावर, मग उजव्याच्या. तिन्हीकडे दोरी सारखीच ताणली गेली पाहिजे आणि प्रत्येक स्क्रीनला काटकोनात टेकली पाहिजे. म्हणजे तिन्ही स्क्रीन तुमच्याकडेच तोंड करून बसले.

कोन किती? तो अंतरावरून आपोआप ठरतो. २४ इंचीला ६० सेंटिमीटरवर ४८ अंश, ७० वर ४२. २७ इंचीला ६० वर ५३, ७० वर ४६. हाच आकडा एका स्क्रीनमधून दिसणाऱ्या आडव्या दृश्याचा कोनही आहे. तिन्ही मिळून माझ्याकडे १४४ अंश होतात. कोनमापक टेबलावर ठेवून जोडाच्या जागी मोजा. ते अवघड वाटलं तर टेपचा सोपा मार्ग: मधल्या स्क्रीनच्या रेषेपासून बाजूच्या स्क्रीनची बाहेरची कड किती पुढे आली ते बघा. २४ इंची आणि ४८ अंश असेल तर ४० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना ४० आले की कोन बरोबर.

मी सुरुवातीला बाजूचे स्क्रीन जेमतेम वीस अंश वळवले होते, कारण ते "दिसायला छान" वाटायचं. फोटोत छान दिसतं हे खरं.

ट्रिपल आर्म घेणार असाल तर क्लॅम्प कुठे बसतो ते बघा. भुशाच्या पार्टिकल बोर्डचं टेबल तीन मॉनिटरच्या वजनाने काठाला दबतं. खाली-वर प्लायवूडची पट्टी द्या.

६. विंडोज आणि ड्रायव्हर

क्रम पाळा, उलटसुलट केलं की गोंधळ होतो.

अ) आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तिन्ही 'एक्स्टेंड' करा. 'आयडेंटिफाय' दाबा आणि आकड्यांचे चौकोन खऱ्या जागेप्रमाणे ओढून लावा. तिघांचं रिझोल्यूशन, स्केल आणि रिफ्रेश रेट एक करा.

आ) मग ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सराउंडचं पान आहे, एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिनमध्ये डिस्प्लेखाली आयफिनिटीचं 'क्विक सेटअप'. मेनूची जागा ड्रायव्हरगणिक थोडी सरकते. सुरू केलं की विंडोजला तीनऐवजी एकच लांबलचक स्क्रीन दिसतो. टास्कबार तिन्हींवर पसरतो, खिडकी मोठी केली की तीन मॉनिटरभर होते. घाबरू नका, खेळून झालं की बंद करायचं.

इ) बेझल करेक्शन, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या कडेचा हिशोब. दोन स्क्रीनच्या कडा मिळून माझ्याकडे १४ मिलिमीटरचा पट्टा होतो. तो दुरुस्त केला नाही तर ट्रकचा डॅशबोर्ड जोडाजवळ तुटून पुढे सरकल्यासारखा दिसतो. दुरुस्त केला की कडेमागचं चित्र लपतं, खिडकीच्या चौकटीमागे झाड लपावं तसं, आणि रेषा सरळ जुळतात. २४ इंची फुल एचडीवर १४ मिलिमीटर म्हणजे सुमारे ५० पिक्सेल, दोन जोडांचे १००, त्यामुळे एकूण रुंदी ५८६० होते.

सापळा: काही गेम कडेची जाडी स्वतः विचारतात. अशा वेळी ड्रायव्हरमध्ये शून्य ठेवा. दोन्हीकडे भरलं तर दुप्पट भाग लपतो, आणि कळतही नाही की काय चुकतंय.

७. गेमच्या आत: रबर झालेली झाडं सरळ करणे

आता त्या ताणलेल्या झाडांचं कारण. साधा गेम एकच कॅमेरा वापरतो आणि दृश्य एका सपाट काचेवर रंगवतो. सपाट काचेवर मध्यापासून ४५ अंशांवरची वस्तू तुमच्या डोळ्याच्या अंतराइतकीच बाजूला पडते. ७५ अंशांवरची मात्र ३.७ पट लांब. म्हणजे कडेचे शेवटचे तीस अंश जवळजवळ तीन चतुर्थांश काच खाऊन टाकतात. तुमचे मॉनिटर वळलेले आहेत, पण गेमला ते माहीतच नाही.

उपाय म्हणजे गेमला तीन कॅमेरे वापरायला सांगणे. आयरेसिंग या रेसिंग गेममध्ये तीन प्रोजेक्शनची खूण असते आणि तो मॉनिटरची रुंदी, कड, अंतर, कोन असं सगळं विचारतो. 'असेटो कोर्सा'त व्हिडिओच्या पानावर रेंडरिंग मोड 'ट्रिपल स्क्रीन' करा, मग हेच आकडे भरा. 'युरो ट्रक'मध्ये काम थोडं हाताचं आहे. डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात कॉन्फिगची फाइल असते, तिच्यात मल्टिमॉन मोडची ओळ शोधा. मूळ आकडा शून्य म्हणजे एकच स्क्रीन. स्वतःचे कोन द्यायचे तर मल्टिमॉनची वेगळी फाइलही असते. त्यात प्रत्येक स्क्रीनची दिशा आणि आडवा कोन अंशांत लिहायचा: माझ्याकडे मधला ०, बाजूचे अधिक ४८ आणि उणे ४८. चिन्हं उलट पडली तर डावा आरसा उजवीकडे दिसेल, अदलाबदल करा. हात लावण्याआधी दोन्ही फाइलींची प्रत बाजूला काढून ठेवा.

खरे आकडे भरले की पहिल्यांदा निराशा होईल. गाडी "हळू" वाटेल, रस्ता "जवळ" वाटेल. एका स्क्रीनवर जास्त दिसावं म्हणून आपण वर्षानुवर्षं कोन फुगवून खेळलेलो असतो, त्याची ही सवय. दोन-तीन तास द्या. मग ब्रेक कुठे दाबायचा याचा अंदाज आपोआप सुधारतो.

ज्या गेममध्ये तीन कॅमेऱ्यांची सोयच नाही, तिथे कडेचं ताणलेलं चित्र स्वीकारा किंवा तो एकाच स्क्रीनवर खेळा. मी दुसरं करतो. नकाशा आणि वेगाचा काटा पार बाहेरच्या कोपऱ्यात गेला असेल तर सेटिंगमध्ये ते मध्यावर आणता येतात का बघा.

८. वीज आणि आवाज

घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत झेपवतो. कार्ड जोरात असताना कॉम्प्युटर एकटाच तेवढं ओढू शकतो. "मग बाजूचे दोन मॉनिटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावतो" असं मी केलं होतं. वीज गेली, कॉम्प्युटर वाचला, पण मॉनिटर बंद होताच ते काढलेच असं ड्रायव्हरने समजून सराउंड मोडला आणि चालता गेम अडकला. एक तर तिन्ही मॉनिटर पेलेल असा मोठा यूपीएस घ्या, नाहीतर वीज गेली की गेम गेला हे धरून चाला.

तिन्ही स्क्रीन एक केल्यावर आवाज कधीकधी मॉनिटरच्या स्पीकरकडे पळतो. हेडफोन मुका झाला तर आधी विंडोजचं साउंड आउटपुट बघा.

९. चाचणी

'युरो ट्रक'मध्ये इंग्लंड गाठा. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, उजवीकडे स्टिअरिंग असलेली केबिन घ्या. डोव्हर किंवा लंडनच्या बाहेरचा एखादा राउंडअबाउट शोधा आणि तोंडाशी थांबा. इथे येणारी गाडी उजवीकडून येते. ती उजव्या स्क्रीनवर उगवून जोड ओलांडून मधल्यावर येईल. ओलांडताना ती लांबली किंवा आखडली तर कोन चुकलाय. उडी मारली तर कडेची जाडी चुकली आहे. रस्त्याची पांढरी रेषा जोडाशी मोडली तर मॉनिटरची उंची कमी-जास्त आहे, गाइडं आणा. आणि गाडी येताना तुमची मान आपोआप उजवीकडे वळली, तर काही बदलू नका.

आता तो कागद घ्या. ड्रायव्हर अपडेट झाला किंवा कुणी केबल ओढली की सगळे आकडे पुसले जातात, आणि चार महिन्यांनी ते आठवत नाहीत. माझ्या मधल्या मॉनिटरच्या पाठीला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी आहे: अंतर ६०, कोन ४८, कड पुढे ४०, जोड १४. खाली आईच्या अक्षरात: झाडताना वायर ओढू नये.